गॅस गेला कुठे?

२०२३ चा मे महिना. बार्शीतलं ऊन कसं असतं ते सोलापूरकडच्या मैत्रिणींना मी सांगायला नको. आमच्या बचत गटाच्या दुकानातला डीप फ्रीझर सकाळपासून नुसता घरघरत होता आणि आत कुल्फ्यांचं पाणी झालं होतं. मेकॅनिक आला. गल्लीतलाच पोरगा, माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं मागची एक बारीक नळी कापली आणि फुस्स असा आवाज झाला.

"काय रे, काय गेलं?" मी विचारलं.

"गॅस, काकू. जुना होता थोडा. आता नवा भरतो."

"पण गेला कुठे?"

त्यानं बोट वर केलं. आभाळाकडे.

तो त्याच्या कामाला लागला. नवा गॅस भरला, चार हजार रुपये घेतले आणि गेला. आठ महिन्यांत दुसऱ्यांदा गॅस भरला होता. पहिल्या वेळचे साडेतीन हजार. मी वही काढून बसले आणि पोटात गोळाच आला, कारण हा फ्रीझर घ्यायचा हट्ट माझा होता.

आमच्या गटात दहा जणी. सहा जणी भाजी विकतात, दोघी कुल्फी आणि ताक, एक पनीर करते, एक शिवणकाम. संध्याकाळी उरलेली भाजी जनावरांपुढे टाकताना त्यांचे चेहरे मी वर्षानुवर्षं बघत होते. मला वाटलं, मोठा फ्रिज आला की प्रश्न मिटला. गटाच्या बैठकीत मीच भाषण ठोकलं, बँकेत मीच खेटे घातले, साठ हजारांचं कर्ज मिळवलं आणि त्यातल्या बत्तीस हजारांचा जुना फ्रीझर मोठ्या शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून आणला. "लई गार करतो बघा," असं तो म्हणाला होता. तेवढं मात्र खरं निघालं. पहिल्याच आठवड्यात आम्ही त्यात मेथी ठेवली. सकाळी बघतो तर बर्फ. आणि बर्फ उतरल्यावर काळा लगदा! वांग्यांना डाग पडले, टोमॅटो मऊ पडले. मी बी. ए. आहे, पण भाजीला किती गारवा सोसतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. ज्या बायका तीस-तीस वर्षं भाजी विकतात त्यांनाही नाही.

त्या रात्री मुलाला पुण्याला फोन लावला. तो डिप्लोमा करतोय. म्हणाला, "आई, फ्रीझरच्या मागे एक पत्रा असतो, त्यावर काय लिहिलंय ते वाच." दुसऱ्या दिवशी चष्मा लावून, धूळ पुसून वाचलं. आर-४०४ए, चारशे ग्रॅम. मला ते एखाद्या गाडीच्या नंबरासारखं वाटलं. पण त्यानं त्याचा जो अर्थ सांगितला तो ऐकून मी जागीच बसले.

हा गॅस हवेत गेला की पृथ्वी तापवतो. किती? तर जेवढा कार्बन डायऑक्साइड तापवील त्याच्या जवळजवळ ३,९०० पट. म्हणजे चारशे ग्रॅम गॅस सुटला तर दीड टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. आता टन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही, म्हणून मी त्याचा माझ्या पद्धतीनं हिशोब मांडला. आपल्या घरचा १४.२ किलोचा सिलिंडर पूर्ण जळला की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे एका फ्रीझरमधला सगळा गॅस उडून जाणं म्हणजे ३६-३७ सिलिंडर जाळणं. महिन्याला एक धरला तर तीन वर्षांचा स्वयंपाक! आणि आम्ही गॅस बारीक करून, डाळ भिजवून, कुकरच्या शिट्ट्या मोजून वाचवत बसतो. आठ महिन्यांत निम्माअधिक गॅस तर गळूनच गेला होता, उरलेला फुस्स झाला.

त्या पोराला मात्र मी दोष देत नाही. गॅस सोडून न देता बाटलीत परत भरून घेणारं यंत्र असतं, पण ते त्याच्याकडे नाही, आणि आम्हीही त्याला घाई करत होतो. माझी एवढीच तक्रार आहे की गळती कुठे आहे ते न शोधता त्यानं दोन्ही वेळा नुसता गॅस भरला. फुटक्या घागरीत पाणी ओतल्यासारखं. तुमच्याकडे मेकॅनिक आला तर "आधी गळती दाखव, मग गॅस भर," एवढं जरूर म्हणा.

मग मी या विषयाच्या मागेच लागले. वाचनालयातून, मुलाकडून, मिळेल तिथून माहिती काढली. गंमत म्हणजे, पूर्वी फ्रिजमध्ये अमोनिया नाहीतर सल्फर डायऑक्साइड असायचा. दोन्ही विषारी. गळला तर जिवावर बेतायचं. म्हणून १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली नावाच्या शास्त्रज्ञाच्या चमूनं क्लोरोफ्लुरोकार्बन शोधून काढला. वास नाही, विष नाही, पेट घेत नाही. सगळ्यांना वाटलं, सोन्यासारखी वस्तू सापडली. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या दोघांनी दाखवून दिलं की हाच गॅस वर जाऊन आपल्याला उन्हाच्या अपायकारक किरणांपासून वाचवणारा ओझोनचा थर खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर त्या थराला पडलेलं भगदाड दिसलं आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियलला करार झाला. आपल्याकडे फ्रिजमधला तो गॅस २०१० पासून बंद झाला. त्याच्या जागी जे आले ते ओझोनला धक्का लावत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. आमच्या फ्रीझरमधला त्यांतलाच. विहीर चुकवायला गेलो आणि आडात पडलो म्हणायचं. आता त्यांच्यासाठीही २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात करार झाला आहे. भारतानं २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली, आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्यानं कमी करत २०४७ पर्यंत हे गॅस ८५ टक्क्यांनी घटवायचे आहेत.

२०४७ म्हणजे मी साठी ओलांडून पुढे गेलेली असेन. तोवर फुस्स ऐकत बसायचं का?

तर नाही. आणि याचं उत्तर आपल्या ओट्याखालीच आहे, हे कळल्यावर मला हसू आलं. सिलिंडरमध्ये असतात प्रोपेन आणि ब्यूटेन. त्या ब्यूटेनची सख्खी बहीण म्हणजे आयसोब्यूटेन, फ्रिजवाल्यांच्या भाषेत आर-६००ए. प्रोपेनला ते आर-२९० म्हणतात. दोन्ही गार करायला उत्तम, ओझोनला त्रास नाही, आणि पृथ्वी तापवण्याचा आकडा हजारांत नाही, तीन-चारच्या आसपास. १९९२ मध्ये जर्मनीत ग्रीनपीस संघटनेनं असा फ्रिज करायचं ठरवलं तेव्हा मोठ्या कंपन्यांनी नाकं मुरडली. पूर्व जर्मनीतला एक कारखाना तेव्हा बंद पडायच्या बेतात होता. त्यानं हे काम घेतलं, हजारो लोकांनी आगाऊ मागणी नोंदवली आणि नाकं मुरडणारे मागून त्याच वाटेनं आले. आपल्याकडे गोदरेजनं असे फ्रिज २००१ मध्येच आणले. आज घरगुती नव्या फ्रिजच्या मागचा पत्रा वाचलात तर बहुतेक ठिकाणी आर-६००ए दिसेल. दुकानात वापरायचे काचेच्या दाराचे कूलर आणि डीप फ्रीझर आर-२९० वर मिळतात. विचारावं मात्र लागतं. दुकानदार रंग सांगतो, लिटर सांगतो, हप्ते सांगतो. गॅसचं नाव आपण विचारल्याशिवाय सांगत नाही.

"अगं, पण मग तो पेटेल ना?" हा प्रश्न आमच्या गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मावशींनी विचारला, आणि तो अगदी बरोबर होता. पेटणारा गॅस आहेच. पण घरच्या फ्रिजमध्ये तो पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे मूठभर चिवड्याइतका. आपण मात्र स्वयंपाकघरात चौदा किलो घेऊन वावरतो. फ्रिज तसा बनवलेला असतो, त्याची जोडणी तशी असते. धोका दुरुस्तीच्या वेळी असतो. म्हणून अशा फ्रिजला हात लावणारा माणूस ते काम शिकलेलाच हवा. आणि एक कळकळीनं सांगते, जुन्या फ्रिजमध्ये "काकू, गॅस महाग झालाय, सिलिंडरचाच भरून देतो," असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तो फ्रिज त्यासाठी बनवलेला नाही.

एवढं कळलं तरी आमच्याकडे पैसे कुठे होते? कर्जाचे हप्ते चालू, फ्रीझर आजारी. तेव्हा मुलानं एक साधा प्रश्न विचारला. "आई, त्या फ्रीझरमध्ये जे ठेवता, त्यातल्या कशाकशाला खरंच फ्रीझर लागतो?"

आम्ही बसून यादी केली. कुल्फीला लागतो. पनीर आणि ताकाला साधा फ्रिज पुरतो. आणि भाजी? भाजीला बर्फ नकोच, तिला फक्त सावली, गारवा आणि ओल हवी. म्हणजे जिच्यासाठी एवढं कर्ज काढलं तिलाच या यंत्राची गरज नव्हती.

दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत रॉय आणि खुर्दिया या शास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या काळात विटांची एक शीतपेटी तयार केली. शून्य ऊर्जा शीतकक्ष असं भारदस्त नाव आहे तिचं, आमच्या बायका तिला "विटांचा माठ" म्हणतात. आणि आहेही तसंच. माठ का गार होतो? बाहेर पाझरलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. इथे तेच. सावलीत विटांचा ओटा करायचा, साधारण १६५ सेंटिमीटर लांब आणि ११५ रुंद. त्यावर विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत दुसरी, साडेसदुसष्ट सेंटिमीटर उंच. दोन्हींच्या मध्ये चार बोटांची, साडेसात सेंटिमीटरची फट, तिच्यात नदीची स्वच्छ वाळू. वरून बांबूच्या चौकटीवर गवत नाहीतर वाळ्याचं झाकण. सकाळ-संध्याकाळ वाळू, विटा आणि झाकण भिजवायचं. शंभर किलोपर्यंत भाजी राहते. वीज नाही, गॅस नाही, पत्रा नाही, मेकॅनिक नाही!

आम्हाला साडेचारशेच्या आसपास विटा लागल्या. एका काकूंच्या घराच्या बांधकामातल्या उरल्या होत्या. गवंडीकाम त्यांच्या मिस्टरांनी केलं, फुकट, पण टोमणे मारत. पहिल्यांदा ती उन्हात बांधली आणि मातकट वाळू घातली. तिचा चिखल झाला, मुंग्या लागल्या, भाजी उकडल्यासारखी झाली. बायका माझ्याकडे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. ते फार लागतं मनाला. मग सगळं मोडून दुकानामागच्या कडुनिंबाखाली नेलं, वाळू चाळून, धुऊन घातली.

खरा वाद पाण्यावरून झाला. "प्यायला पाणी नाही आणि वाळूला काय पाजताय?" मावशी कडाडल्या. बार्शीकडच्या बाईनं हे म्हणणं साहजिक आहे, आठवड्यातून कधी एकदा नळ येतो. रोज दोन-तीन घागरी लागतात, हे खरंच आहे. शेवटी तोड काढली. भाजी दुकानात आल्यावर धुतो, ते पाणी फडक्यातून गाळून वाळूला घालायचं. कमी पडलं तरच घागर.

शाळेतल्या प्रयोगशाळेतून दोन तापमापक मागून आणले. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी तीनला बाहेर ४१, आत २८. मी चार वेळा झाकण उघडून बघितलं, शेवटी मावशी ओरडल्या, "उघडून उघडून गरम करशील!" सकाळी आणलेली मेथी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विकण्यासारखी राहिली. भेंडी, गवार त्याहून जास्त. गारव्याइतकीच आतली ओल कामाची असते, पानं कोमेजत नाहीत. कांदे-बटाटे मात्र आम्ही यात ठेवत नाही, आणि दूध, पनीर, शिजवलेलं अन्न कधीच नाही. २८ अंशांत दूध नासतंच, तिथे शहाणपणा चालत नाही.

माझं माहेर चिपळूणचं. आईला फोनवर कौतुकानं सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे माठातलं पाणी गार होईना, तुझ्या विटा काय करतायत?" बरोबरच आहे तिचं. हवेतच ओल भरलेली असली की पाणी वाळत नाही, आणि वाळलं नाही तर गारवा नाही. म्हणून कोकणात, गोव्यात हे फारसं चालणार नाही. आमच्याकडेही श्रावणात आत-बाहेर दोन-तीन अंशांचाच फरक राहतो. पण सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, खानदेश, जिथे उन्हाळा कोरडा आहे तिथल्या मैत्रिणींनी करून बघायला हरकत नाही.

यासारखाच प्रयोग आफ्रिकेतल्या नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकानं केला होता. एका मडक्यात दुसरं मडकं, मध्ये ओली वाळू. २००० मध्ये त्यांना त्यासाठी मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला त्यातली एकच गोष्ट फार भावली. तिथे भाजी टिकेना म्हणून घरच्या मुलींना रोज ती विकायला जावं लागायचं. मडकी आली, भाजी टिकायला लागली आणि मुलींना शाळेत जायला सवड मिळाली. आमच्या गटातल्या एकीची मुलगी दहावीला होती. संध्याकाळी पाटी घेऊन "ताजी मेथी, शेवटची मेथी" करत तीच फिरायची. तिचं फिरणं पूर्ण थांबलं असं मी म्हणणार नाही. पण परीक्षेच्या आधीचे दोन महिने ती घरी बसून अभ्यास करू शकली.

भाजी बाहेर गेल्यावर एवढ्या मोठ्या फ्रीझरचं काम उरलं नाही. त्या दिवाळीनंतर तो विकायचा आणि कुल्फीपुरता लहान, आर-२९० चा नवा घ्यायचा असं ठरलं. भाजीच्या नासाडीतून वाचलेले पैसे हप्त्यांना लागत होते, त्यामुळे नवा घ्यायला मार्च उजाडला. जुन्याला भंगारवाल्यानं अडीच हजार सांगितले. बत्तीस हजारांचे अडीच हजार. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तो हातगाडी घेऊन आला आणि नळ्या कापायला कटर काढला, तांब्यासाठी. मी म्हटलं, "थांब." आतला गॅस अजून तसाच होता, चार हजारांचा.

सोलापूरला एक मेकॅनिक आहे, गॅस काढून घेण्याचं शिक्षण घेतलेला, यंत्र असलेला. तो बार्शीला दुसऱ्या कामासाठी येणारच होता. गॅस बाटलीत काढून न्यायचे आठशे रुपये म्हणाला. गटात पुन्हा भांडण! "फेकायच्या वस्तूला आठशे घालायचे?" "दिसत नाही, वास येत नाही, गेला तर गेला की!" मी सदतीस सिलिंडरांचा हिशोब पुन्हा सांगितला. पनीरवाली म्हणाली, "ताई, तुमचं सगळं खरं, पण आठशे म्हणजे माझं दोन दिवसांचं दूध." तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

शेवटी मावशीच उठल्या. त्यांनी कनवटीचे ऐंशी रुपये काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "दहा जणी आहोत, ऐंशी-ऐंशी पडतील. मला एकदा त्या बाटलीत काय भरतो ते बघायचंय."

मेकॅनिक आला, नळी जोडली, यंत्र अर्धा तास घरघरलं. मावशी खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या. काम झाल्यावर त्यांनी बाटली हातात घेऊन बघितली, जड आहे म्हणाल्या. नऊ जणींचे पैसे त्याच दिवशी जमले. पनीरवालीचे ऐंशी मी भरले, आणि तिनं ते मला अजून दिलेले नाहीत. मीही मागितलेले नाहीत.